गेम विकत घेतला, पण तो आपला झाला का?

पाच हजार रुपयांचा गेम आणला, डबा उघडला, डिस्क कन्सोलमध्ये घातली, तर पडद्यावर डाऊनलोडची पट्टी सरकू लागली. डिस्क हातात असताना इंटरनेट कशाला लागतं, हा प्रश्न आता गोव्यातल्या पुष्कळ घरांतून ऐकू येतो. 2025 च्या जूनमध्ये निन्टेंडोचा स्विच 2 हा कन्सोल आला आणि त्याच्याबरोबर अशी कार्डं आली, ज्यांच्यात गेम नसतोच, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. पुढच्याच महिन्यात युरोपात एका मागणीवरच्या सह्यांनी 10 लाखांचा आकडा ओलांडला: विकलेले गेम मागाहून बंद पाडू नका. या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती समजली तर चवथीच्या सवलतींत कन्सोल घ्यावा का, घेतला तर कोणता, हे ठरवणं सोपं जाईल.

माझं मत आधीच सांगते. डिस्क चालणारा कन्सोल मिळत असेल तर तोच घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. पण डिस्क घेतली की सगळं सुरक्षित, असंही नाही. दोन्ही बाजू पाहायला हव्यात.

गेम पूर्वी कुठे असायचा

कन्सोल म्हणजे मुख्यतः खेळांसाठी बनवलेला, टीव्हीला जोडायचा संगणक. 1972 साली अमेरिकेत आलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा घरी वापरायचा पहिला. साध्या संगणकापेक्षा कन्सोलचं वेगळेपण एवढंच, की त्यावर काय चालेल हे तो बनवणारी कंपनी ठरवते. प्लेस्टेशनवर सोनीची आणि एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टची मान्यता नसलेला गेम चालत नाही.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळलेल्यांना पिवळ्या कॅसेटी आठवत असतील. आपल्याकडे मिळणारी ती यंत्रं बहुतेक निन्टेंडोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती, आणि कॅसेटवर छापलेले हजारो गेम म्हणजे तेच ते थोडे गेम पुन्हा पुन्हा मोजलेले. तरीही त्या कॅसेटमधल्या चिपवर गेम पूर्ण असायचा. वाड्यावरच्या दुसऱ्या घरी नेली की तिथेही चालायची. पुढे 1994 चं प्लेस्टेशन सीडीवर आलं, 2000 चं प्लेस्टेशन 2 डीव्हीडीवर. 15 कोटींहून अधिक खपलेल्या त्या प्लेस्टेशन 2 मध्येही गेम डिस्कवरच होता आणि यंत्र तो तिथूनच वाचायचं.

बदल 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हा झाला. गेम इतके मोठे झाले होते, की डिस्कवरून वाचत खेळायचं म्हटलं तर वेग पुरेना. म्हणून कन्सोल पूर्ण गेम आपल्या आतल्या साठवणीत उतरवून घेऊ लागला. मग डिस्कचं काम उरलं ते पुराव्याचं: ती आत आहे, म्हणजे गेम या माणसाने घेतलेला आहे. आणि पुराव्यापुरतीच डिस्क हवी असेल, तर तिच्यावर पूर्ण गेम कशाला ठेवायचा? 2022 साली आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2' च्या प्लेस्टेशन 5 च्या डिस्कवर 100 एमबीपेक्षाही कमी मजकूर होता. प्लेस्टेशन 5 च्या डिस्कवर 100 जीबीपर्यंत मजकूर मावू शकतो.

याच 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं, की एक्सबॉक्स वन 24 तासांतून एकदा इंटरनेटला जोडावाच लागेल आणि जुने गेम दुसऱ्याला देण्यावर बंधनं असतील. खेळणारे भडकले. सोनीने एक अगदी छोटा व्हिडिओ काढला: गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक अधिकारी गेमचा डबा दुसऱ्याच्या हातात देतो, संपलं. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत माघार घ्यावी लागली. मात्र तेव्हा नाकारलेली गोष्ट नंतर दुसऱ्या दाराने आलीच. 2020 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही डिस्क घालायची सोयच नसलेले स्वस्त कन्सोल आणले. 2024 चा सर्वांत महाग प्लेस्टेशन 5 प्रोही डिस्क ड्राइव्हशिवायच निघाला.

परवाना: घर आपलं, जमीन भाटकाराची

दुकानातून फुटबॉल आणला तर तो आपला. भावाला द्या, विका, अडगळीत टाका. डिजिटल गेमच्या पानावर 'खरेदी करा' हे बटण दाबतो तेव्हा मात्र आपल्याला मिळतो तो परवाना, म्हणजे कंपनीच्या अटींवर गेम वापरण्याची मुभा. सोनीच्या करारातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. ही मुभा दुसऱ्याला देता येत नाही, आणि काही परिस्थितींत काढूनही घेता येते.

गोव्यात हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकाराचं घर असायचं. पिढ्या तिथे राहायच्या, अंगण सारवायच्या, माड लावायच्या, पण जमिनीचा कागद भाटकाराच्या नावावर. संबंध चांगले तोवर सगळं सुरळीत. बिनसलं तर निघा म्हणायची सत्ता त्याच्या हाती. गेम गमावणं आणि घर गमावणं यांची दुःखं मी एका तराजूत घालत नाही, तसं कोणी करूही नये. रचना तेवढी सारखी आहे: वापर आपला, हक्क दुसऱ्याचा. मुंडकारांचं दैन्य भाटकारांच्या चांगुलपणाने संपलं नाही. त्यासाठी 1975 मध्ये मुंडकार संरक्षण कायदा करावा लागला, तेव्हा कुठे मनमानी हकालपट्टीला आळा बसला आणि घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. गेमच्या बाबतीत तसा कायदा अजून आपल्याकडे नाही.

आपण कुठे कुठे अडकलेलो असतो

एखादा गेम पुढे चालेल की नाही, हे तीन ठिकाणी ठरतं.

पहिलं ठिकाण म्हणजे ऑनलाईन दुकान. निन्टेंडोने 3डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची दुकानं 27 मार्च 2023 ला बंद केली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली, पण नवी खरेदी संपली. एक्सबॉक्स 360 चं दुकान 29 जुलै 2024 ला मिटलं. सोनीने 2021 मध्ये प्लेस्टेशन 3 चं दुकान बंद करायचं ठरवलं होतं, पण लोकांचा राग पाहून निर्णय फिरवला.

दुसरं ठिकाण पडताळणीचं. कन्सोल मधूनमधून कंपनीच्या यंत्रणेला विचारून घेतो, की या खात्याला हा गेम खेळायची मुभा आहे ना? हे विचारणं कुठे दडलेलं असेल ते सांगता येत नाही. प्लेस्टेशन 4 मध्ये घड्याळ चालू ठेवणारी एक बटणासारखी छोटी बॅटरी असते. ती संपली आणि कन्सोल इंटरनेटवरून वेळ जुळवू शकला नाही, तर डिस्कवरचे गेमसुद्धा अडायचे. सोनीची सेवा कधी बंद झाली असती, तर जगभरचे प्लेस्टेशन 4 हळूहळू मुके झाले असते. खेळणाऱ्यांनीच हे शोधून काढलं आणि लावून धरलं. सप्टेंबर 2021 च्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं.

तिसरं ठिकाण सर्वांत नाजूक: सर्व्हर, म्हणजे कंपनीकडचे ते संगणक ज्यांच्यावर गेमचा काही भाग चालतो. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा 2014 मधला मोटारींचा गेम. आख्खी अमेरिका त्यात छोटी करून बसवलेली होती आणि रस्त्यांवर एकट्याने भटकता यायचं. पण एकटं भटकायलाही सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला तो बंद झाला आणि डिस्क विकत घेतलेल्यांकडेही काही उरलं नाही. पुढे काहींच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला. सोनीचा 'कॉनकॉर्ड' 2024 च्या ऑगस्टमध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद पडला. तिथे निदान सर्वांचे पैसे परत झाले.

म्हणजे डिस्क असली तर पहिल्या अडचणीतून आपण बरेचसे सुटतो, दुसरीतून काही अंशी, तिसरीतून अजिबात नाही. गेम घेताना विचारायचा प्रश्न हाच: इंटरनेटची तार काढली तर एकट्याने हा खेळता येतो का? डब्यावर 'इंटरनेट आवश्यक' अशी सूचना असते, ती सहसा बारीक अक्षरांत असते. वाचा.

स्विच 2 च्या किल्लीच्या कार्डांचं स्थान मधलं आहे. पहिल्यांदा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, त्यानंतर कार्ड आत असलं की इंटरनेटशिवाय चालतो, आणि कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येतं. निव्वळ डाऊनलोडपेक्षा हे बरंच. पण वीस वर्षांनी निन्टेंडोचं दुकान मिटलं की ते कार्ड कोऱ्या प्लास्टिकचा तुकडा. सगळेच गेम असे नाहीत: 'सायबरपंक 2077' सारखा प्रचंड गेम 64 जीबीच्या पूर्ण कार्डवर दिला गेला. म्हणजे ते शक्य आहे, खर्च करायची तयारी हवी.

गोव्यात हे जास्त का बोचतं

फुटबॉल आपला राज्य खेळ, आणि टीव्हीवरचा फुटबॉलही आपल्याकडे तितक्याच जिवाभावाने खेळला जातो. चवथीला मूळ घरी सगळी भावंडं जमतात, आरती आटोपते, नेवऱ्या खाऊन होतात आणि चार पोरं दोन कंट्रोलर घेऊन टीव्हीपुढे बसतात. तिथे बहुतेक वेळा 'फिफा'च असायचा. तो बनवणाऱ्या ईए कंपनीचा आणि फिफा संघटनेचा करार संपला आणि 2023 मध्ये जुने फिफा गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकण्यात आले. ज्यांनी आधी घेतले त्यांचे राहिले, नव्याने कोणाला मिळेनात. आज एखाद्या पोराला 'फिफा 23' हवा असेल तर त्याला कोणाकडून तरी वापरलेली डिस्कच घ्यावी लागेल. ती डिस्क घातली की जुन्या खेळाडूंचे जुने संघ घेऊन दोघं शेजारी बसून अजून सामना खेळू शकतात. ऑनलाईन सामने गेले तरी हा राहतो. ज्या गेमची डिस्कच निघाली नव्हती, त्याला हाही मार्ग नाही.

माझ्या दृष्टीने कन्सोलची खरी संस्कृती हीच आहे. शेजारी बसून हरणं-जिंकणं, डिस्क मामेभावाकडून चुलतभावाकडे जाणं, शेवटी ती अर्ध्या किमतीला विकून नवी आणणं. सोनीच्या मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे 4,999 रुपयांपर्यंत जाते. मध्यमवर्गीय घरात वर्षाला असे किती येणार? एकाने घ्यायचा आणि पाच जणांनी खेळायचा, हा हिशेब डिस्कमुळे जमतो.

दुसरा हिशेब इंटरनेटचा. 100 जीबीचा गेम 50 एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला साडेचार तास लागतात, तेही वेग सलग टिकला तर. रोज 2 जीबी मिळणाऱ्या मोबाईल पॅकवर तोच गेम उतरवायचा तर सारा डेटा त्यात घालूनही 50 दिवस. पणजी-मडगावात फायबर आहे म्हणून सगळा गोवा तसा नाही. 2020 च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातल्या मुलांना ऑनलाईन वर्गाला नेटवर्क मिळावं म्हणून डोंगर चढावा लागला होता. पावसाळ्यात वीज गेली की शहरातलाही राउटर बंद होतो. अशा ठिकाणी पूर्ण गेम असलेली डिस्क ही हौस नाही, गरज आहे.

पण डाऊनलोड सोयीचं नाही का?

आहे. डिस्क हरवते, ओरखडे पडतात, आमच्या दमट हवेत डब्यांतल्या कागदांना बुरशी येते. डिजिटल दुकानांत सवलतीच्या काळात जुने गेम पाव किमतीतही मिळतात. लहान स्टुडिओंना तर ही दुकानं वरदानच ठरली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये जगभरच्या कन्सोलांवर पोचला, तो याच वाटेने. मी स्वतः छोटे गेम डाऊनलोडच करते. पाचशे रुपयांच्या गेमसाठी जी जोखीम चालते, ती पाच हजारांसाठी चालू नये, एवढंच माझं म्हणणं.

मासिक वर्गणीच्या योजनांचंही तसंच. गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लस म्हणजे उघड उघड भाडं. महिना संपला की गेम गेला, हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्यात फसवणूक नाही. फसवणूक तिथे आहे, जिथे भाड्याला खरेदी म्हटलं जातं.

कंपन्यांनी सर्व्हर जन्मभर चालवायचा का?

नाही, आणि तसं कोणी मागतही नाही. युरोपातली ती सह्यांची मोहीम रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकन यूट्यूबरने 2024 मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून आली. 'स्टॉप किलिंग गेम्स' हे तिचं नाव. मागणी इतकीच, की सर्व्हर बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा: एकट्याने खेळायची सोय द्या किंवा खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवू द्या. हे खर्चिक पडेल, असं कंपन्या म्हणतात. जुना गेम मागाहून बदलायचा झाला तर खर्च येतो, हे खरंच. पण पहिल्या दिवसापासून तशी आखणी केली तर तो बराच कमी होतो. 'द क्रू'वरून गदारोळ झाल्यावर युबिसॉफ्टनेच त्याच्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देऊ असं जाहीर केलं.

कंपन्यांना डिजिटल का आवडतं, हेही समजून घ्यायला हवं. कन्सोलवर त्यांना फारसा नफा नसतो. प्लेस्टेशन 5 ची डिस्कवाली आवृत्ती आता तोट्यात विकली जात नाही, असं सोनीने 2021 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, म्हणजे त्याआधी काही महिने ती तोट्यातच होती. कमाई गेममधून होते. आपल्या दुकानात दुसऱ्याचा गेम खपला की साधारण 30 टक्के वाटा कन्सोलवाल्याला मिळतो. वापरलेली डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर त्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे डिस्क नाहीशी होणं हा केवळ तंत्रज्ञानाचा ओघ आहे असं मी मानत नाही. त्यात व्यवसायाचा सरळ फायदा आहे.

"पोरांचे खेळ ते, गेले तर गेले"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी, असा कायदा 1954 पासून आहे. व्हिडिओ गेमसाठी आपल्याकडे तशी तरतूद नाही. फ्रान्सने 1992 पासून गेमही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा 2010 पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात मिळेनासे झाले होते. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं, संगीत, कथा त्यात असते. एका पिढीचं बालपण त्यात असतं. ते जपण्यासारखं आहे, खेळ म्हणूनच.

कायदा कुठवर आला आहे

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून नियम आहे: डिजिटल वस्तूचा फक्त परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नका. फ्रान्समध्ये डाऊनलोड केलेले गेम पुन्हा विकता यावेत म्हणून एक ग्राहक संघटना गेमचं ऑनलाईन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली, 2019 मध्ये जिंकली आणि 2022 मध्ये अपिलात हरली.

आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'अन्याय्य करार' ही संकल्पना आहे. रास्त कारण नसताना करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट त्यात मोडते, आणि अशा कराराविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सर्व्हर बंद करणं त्यात बसेल का, हे एखाद्या प्रकरणातूनच ठरेल. दरवाजा मात्र आहे. कॅलिफोर्नियासारखा साधा नियम केंद्राने केला तरी पुष्कळ होईल: बटणावर खरं काय ते लिहा, आणि गेम कमीत कमी किती वर्षं चालेल ते डब्यावर छापा.

दुबईहून किंवा बोटीवरून आलेला कन्सोल

गोव्यातल्या कित्येक घरांत पहिला कन्सोल आखातातल्या मामाने किंवा बोटीवर कामाला असलेल्या काकाने आणलेला असतो. तिथे तीन गोष्टी पाहून घ्या. वॉरंटी सहसा जिथे घेतला त्या देशापुरती असते. प्लेस्टेशन 5 च्या डिस्का कुठल्याही देशाच्या चालतात, पण गेममध्ये जोडायचा जादा भाग ज्या प्रदेशाच्या आवृत्तीचा गेम, त्याच प्रदेशाच्या दुकानातून घ्यावा लागतो. भारतीय खात्यावर बाहेरच्या डिस्कला तो जुळेलच असं नाही.

तिसरी गोष्ट खात्याची. काकांनी आपल्या खात्यावर गेम घेऊन दिले असतील तर ते काकांचे, घरातल्या मुलाचे नाहीत. घरच्या कन्सोलवर त्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' सुरू केलं, की त्याच यंत्रावर मुलाच्या खात्यातूनही ते खेळता येतात आणि इंटरनेट नसलं तरी चालतात. ही सोय एका खात्याला एकाच प्लेस्टेशन 5 वर मिळते, म्हणून काकांनी बोटीवर स्वतःसाठी दुसरा घेतला असेल तर ती घरच्या यंत्रावर राहू द्यायला सांगा. आणि नवे गेम घ्यायचे तेव्हा मुलासाठी पालकांच्या देखरेखीखालचं भारतीय खातं काढा, मोठे गेम शक्यतो डिस्कवर घ्या, आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा, की डब्यात पूर्ण गेम आहे का.